आप्पांना पूर्ण झोपवायचं की नुसता स्प्रे? ब्रोंकोस्कोपीच्या भुलीबद्दल एका सूनबाईंचं पत्र

पत्र थोडक्यात असं आहे:

"मॅडम नमस्कार, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. सासरे, म्हणजे आप्पा, ७१ वर्षांचे. आयुष्यभर एपीएमसीत माथाडी होते, आधी मसाला मार्केट, मग दाणाबंदर. तीन महिने झाले खोकला जात नाही, वजनही उतरलंय. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग आलाय, थुंकी दोनदा तपासली, टीबी निगेटिव्ह. छातीचे डॉक्टर म्हणाले ब्रोंकोस्कोपी करावी लागेल, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून बघावं लागेल. वाशीत एका ठिकाणी म्हणाले घशात स्प्रे मारून करतो, भुलीची गरज नाही. ठाण्याला दुसरीकडे म्हणाले भूलतज्ज्ञ बोलावून झोपवून करतो, पण खर्च बराच जास्त. बिल्डिंगमधल्या एका काकांनी आप्पांना सांगितलं की त्यांना स्प्रेवर केलं तेव्हा पाण्यात बुडतोय असं वाटलं, तेव्हापासून आप्पा नाहीच म्हणतायत. सासूबाई म्हणतात पूर्ण भूल द्या. नणंदबाई म्हणतात त्यांना काही सांगायचंच नाही, एमआरआय आहे म्हणून नेऊ आणि तिकडे झोपवून करून घेऊ. एक ओळखीचे डॉक्टर म्हणाले कशाला त्रास, टीबीच्या गोळ्या सुरू करून बघा. आप्पांना शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये आणि घोरतात इतके की शेजारच्यांना ऐकू जातं. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी नणंदबाईंची आयडिया बाजूला ठेवा. हेतू चांगलाच असणार त्यांचा, वडिलांना त्रास नको एवढंच, पण गुंगीचं औषध पेशंटपासून तपासणी लपवायला नसतं. आप्पा शुद्धीत आहेत, सगळं समजतंय त्यांना, तर संमतीपत्रावर सही त्यांचीच लागणार आणि सही घेताना डॉक्टर सांगणारच की नाकातून नळी आत जाणार आहे. मग तिथे टेबलावर कळण्यापेक्षा घरी चहा पिताना कळलेलं बरं नाही का? आणि दुसरी गोष्ट, जी घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही: गुंगी दिली की घाबरलेला माणूस शांत होईलच असं नाही. मिडाझोलाम नावाचं गुंगीचं औषध दिल्यावर काही लोक, त्यात म्हातारी माणसं जास्त, उलटे बिथरतात, हात झाडतात, नळी ओढायला बघतात. ज्याला माहितीये काय चाललंय त्याला "आप्पा, झालंच, दोन मिनिटं" म्हटलं की तो ऐकतो. ज्याला फसवून आणलंय तो कशाला ऐकेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात दोनच रस्ते दिसतायत, एक स्प्रे आणि एक पूर्ण भूल. बहुतेक घरांत असंच समजतात, आणि दोष तुमचा नाही, हॉस्पिटलच्या काउंटरवर पण असंच सांगतात, "विथ अनेस्थेशिया की विदाउट" म्हणून. पण गुंगी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर आहे, चालू-बंदचं बटण नाही. एका टोकाला माणूस पूर्ण जागा, नुसता घसा बधिर. मग थोडा सैल झालेला, बोलतोय, हाक मारली की लगेच ओ देतोय. मग डोळे मिटलेले, पण हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की उघडतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतोय. त्याच्यापुढे गाढ गुंगी, तिथे दुखवल्याशिवाय हलत नाही आणि श्वासाची भरवशाची खात्री राहत नाही. आणि शेवटी पूर्ण भूल, जिथे श्वासाची सगळी जबाबदारी आम्हा भूलतज्ज्ञांवर येते, घशात ट्यूब किंवा मास्क बसवून. साध्या ब्रोंकोस्कोपीला बहुतेकांना लागते ती मधली पायरी, हाक मारली की ओ देणारी. पूर्ण भूल लागते जेव्हा कडक दुर्बीण वापरायची असते, लहान मुलाने शेंगदाणा नाहीतर चिंचोका गिळताना श्वासनलिकेत घालवलेला असतो, श्वासनळीत स्टेंट टाकायचा असतो, किंवा खूप रक्त येण्याची भीती असते. तुमच्या पत्रात मला तरी तसं काही दिसत नाहीये.

मी स्वतः भुलीची डॉक्टर, म्हणजे माझं पोट लोकांना झोपवण्यावरच चालतं, तरी सांगते, सासूबाईंचं "पूर्ण भूल द्या" हे ऐकायला प्रेमाचं असलं तरी ७१ वर्षांच्या, हृदयात स्टेंट असलेल्या, जोरात घोरणाऱ्या माणसाला गरज नसताना पूर्ण झोपवणं ही काही फुकटची सोय नाहीये.

आणि स्प्रे? तो तर सगळ्यांनाच असतो, गुंगी द्या नाहीतर नका देऊ. नाकात लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, जेली, घशात लिग्नोकेनचा स्प्रे, मग नळी खाली जाताना स्वरयंत्रावर आणि पुढे श्वासनळ्यांत थोडं थोडं सोडत जायचं. ही कल्पना जुनी आहे, १८९७ साली जर्मनीत फ्रायबर्गला गुस्ताव किलियान नावाच्या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनळीत अडकलेला हाडाचा तुकडा काढला तो घसा बधिर करूनच, फक्त तेव्हा लिग्नोकेन नव्हतं म्हणून कोकेन लावलं होतं, आणि नळी लोखंडी, सरळसोट. आत्ताची वाकणारी नळी आली जपानमधून, शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी आणली, आणि त्यामुळेच पेशंट जागा असताना हे करणं सोपं झालं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी, मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत सुद्धा, नुसत्या लिग्नोकेनवर करतात आणि हात बसलेला असेल, घाई नसेल तर पेशंट सहन करतात. म्हणजे वाशीवाले काही चुकीचं सांगत नव्हते. ठाण्यावाले जास्त सांगतायत म्हणून ते लुटतायत असंही लगेच धरू नका, भूलतज्ज्ञाची फी, मॉनिटर, रिकव्हरीतला बेड हे सगळं त्यात येतं. मात्र एकाने "गरज नाही" म्हटलं आणि दुसऱ्याने "झोपवूनच करतो" म्हटलं, आणि दोघांपैकी कोणी आप्पांच्या घोरण्याबद्दल विचारलं की नाही हे तुमच्या पत्रात नाहीये, मला तेच खटकलं.

कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न स्प्रे की भूल हा नाहीच. खरा प्रश्न हा, की आप्पांना गुंगी देतील तेव्हा त्यांच्या श्वासाकडे बघायला वेगळा माणूस कोण उभा असेल? दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांचे डोळे स्क्रीनवर, हात नळीवर. त्यांना मदत करणारी सिस्टर बायोप्सीचा चिमटा आणि सॅम्पलच्या बाटल्या सांभाळतेय. तिसरा कोणीतरी पाहिजे, ज्याचं दुसरं काही काम नाही, फक्त छाती हलतेय का, ओठ कसे दिसतायत, बीपी किती, हाक मारली तर उत्तर येतंय का एवढंच बघायचं. तो भूलतज्ज्ञ असला तर उत्तम, गुंगी अगदी हलकी असेल तर ट्रेनिंग झालेला दुसरा डॉक्टर किंवा अनुभवी सिस्टर चालते, पण तो माणूस असलाच पाहिजे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आहे ना, मग काय, असं लोक म्हणतात. त्यातली गोम अशी की नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली असली की श्वास मंदावला किंवा थांबला तरी सॅच्युरेशनचा आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो आणि पडतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून माणूस लागतो, आणि जरा खोल गुंगी असेल तर श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मॉनिटर पण लागतं.

घोरण्याचं एवढं का लावलंय मी, तर जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मग एकदम धसकन उठणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी, असं असेल तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. अशा माणसाला थोडी जरी गुंगी जास्त झाली की जीभ आणि घशाचा मागचा भाग सैल पडून श्वासाची वाट बंद होते, आणि इथे तर त्याच वाटेतून नळी पण चाललीये. सासूबाईंना नीट विचारा, रात्री मधेच घोरणं थांबून शांतता होते का? त्यांना हे इतर कोणापेक्षा जास्त माहीत असणार. आणि हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं, ते विचारतील याची वाट बघायची नाही.

औषधांची थोडी माहिती देते म्हणजे तिथे कोणी नाव घेतलं तर गोंधळायला होणार नाही. मिडाझोलाम हे सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्याची गंमत अशी की माणूस त्या वेळी खोकतो, बोलतो, हात पण वर करतो, पण नंतर त्यातलं बरंचसं त्याला आठवत नाही. फेंटानिल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक, ते दिलं तर खोकला कमी होतो. दोन्ही एकत्र दिली की श्वासावर दाब जास्त पडतो म्हणून डोस थोडा थोडा, मधे थांबून, परिणाम बघून. वयाचा फरक मोठा असतो: ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या ब्रिटनमधल्या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांत सत्तरीच्या आतल्या पेशंटसाठी सिरिंजमध्ये ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि सत्तरीच्या पुढे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मिडाझोलाम भरूनच ठेवू नये असं आहे, म्हणजे चुकून जास्त जायचा प्रश्नच नको. या दोघांवर उलटा उतारा आहे, मिडाझोलामला फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलला नॅलोक्सोन, तो ट्रेमध्ये काढून ठेवलेला असावा. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं इंजेक्शन असतं, झोप पटकन लागते पटकन उतरते, पण त्याला उतारा नाही आणि हलकी गुंगी कधी खोल होईल याचा नेम नाही, त्यामुळे ते नाव ऐकलंत तर भूलतज्ज्ञ खोलीत आहे ना एवढं विचारायचं. लिग्नोकेन पण पाण्यासारखं कितीही मारायचं औषध नाही, प्रमाणाबाहेर गेलं तर तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण आणि पुढे झटके येऊ शकतात, म्हणून "अजून मारा अजून मारा" असं आपण बाहेरून सांगायचं नसतं.

आता त्या बिल्डिंगमधल्या काकांचं. ते खोटं बोलत नव्हते. घसा बधिर झाला की आपण गिळतोय का नाही हेच कळत नाही, लाळ साठतेय असं वाटतं, घसा सुजल्यासारखा जाड वाटतो, त्यात नळीतून सलाईन सोडून परत खेचून घेतात, तपासणीसाठी आतलं धुवून सॅम्पल घ्यायला, त्या वेळी खोकल्याची उबळ येते आणि बुडतोय असं वाटतं. वाटतं, पण तसं होत नसतं. नळी साधारण ५-६ मिलिमीटर जाड आणि मोठ्या माणसाची मुख्य श्वासनलिका १५ ते २० मिलिमीटर रुंद, बाजूने हवा आरामात ये-जा करते, शिवाय ऑक्सिजन चालू असतो. पण हे त्या काकांना आधी कोणी सांगितलं नसणार, आणि न सांगता असं काही झालं तर कोणीही घाबरेल हो. आप्पांना हे सगळं सांगा. हे पण सांगा की नळी स्वरयंत्राच्या मधून जाते त्यामुळे तेवढा वेळ बोलता येणार नाही, आवाज गेला असं समजून घाबरायचं नाही, काही सांगायचं तर डावा हात वर करायचा. हाताची ही खूण आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या. ज्या माणसाला माहितीये की मी हात वर केला की हे थांबणार, त्याची निम्मी भीती तिथेच जाते आणि औषधही कमी लागतं. माथाडीत पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर घेतलेला माणूस आहे, ते सहन करतील, त्यांना फक्त काय सहन करायचंय ते कळू द्या.

म्हणजे मी काय केलं असतं, विचाराल तर: घसा नीट, घाई न करता बधिर करणं, वरून हलकी गुंगी, आणि शेजारी भूलतज्ज्ञ. घोरण्याचं प्रकरण तपासणीत जास्त निघालं तर गुंगी अजून कमी किंवा नाहीच. हे पत्रावरून ठरत नाही, त्यासाठी आधी भूलतज्ज्ञाकडून फिटनेस करून घ्यायचा, ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), शुगर, रक्त गोठण्याच्या टेस्ट, आणि त्यांना आप्पांचं तोंड उघडून मान वळवून बघू द्यायची. वाशीवाल्यांनाच सरळ विचारा की भूलतज्ज्ञ उभा राहील का आणि त्याचे किती. बऱ्याच ठिकाणी होतं, कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. आणि हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतं काय नाही ते आधीच विचारून घ्या, नंतर बिलावर भांडण्यात अर्थ नाही.

रक्त पातळ करायच्या गोळीचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, अँजिओप्लास्टी झालीये म्हणजे चालू असणारच. अॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल असेल तर बायोप्सी घ्यायच्या आधी साधारण ५ ते ७ दिवस बंद करावी लागते, पण हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, तुमचं तुम्ही अजिबात नाही. शुगरची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं नाही, नेमकं काय करायचं ते लिहून घ्या, आणि सकाळचा पहिला नंबर मागा म्हणजे उपाशी कमी राहावं लागेल. उपाशी म्हणजे ६ तास काही खायचं नाही, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. चहा म्हणजे पाणी नव्हे! दूध घातलेला चहा हा खाण्यातच जातो, आणि आपल्याकडे "नुसता अर्धा कप घेतला होता" यावर कितीतरी केस पुढे ढकलाव्या लागतात. कवळी असेल तर काढून ठेवा, दात हलत असेल तर आधी सांगा.

त्या ओळखीच्या डॉक्टरांचा सल्ला मला पटलेला नाही, स्पष्टच सांगते. थुंकी निगेटिव्ह, वय ७१, वजन उतरलेलं, वरच्या भागात डाग. टीबी असू शकतो, कॅन्सर असू शकतो, दुसरंही काही असू शकतं. अंदाजाने गोळ्या सुरू केल्या आणि निघालं दुसरंच, तर महिने हातचे जातात. टीबीच निघाला तरी मुंबईच्या आसपास औषधांना न जुमानणारा टीबी कमी नाहीये, कुठली गोळी चालेल हे सॅम्पलवरूनच कळणार. दुर्बिणीतून घेतलेल्या पाण्याची सीबीनॅट टेस्ट केली तर टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का हे काही तासांत कळतं, बायोप्सीला काही दिवस जातात, टीबीच्या कल्चरला सहा-आठ आठवडे. कोणकोणती टेस्ट लावणार ते आधीच विचारा, सॅम्पल एकदाच मिळतं.

झाल्यावर घसा दीड-दोन तास बधिर राहतो, तोपर्यंत पाण्याचा घोट पण नाही, ठसका लागून आत जाईल. सिस्टर सांगेल तेव्हा आधी एक घोट पाणी, ते नीट गिळलं तर मग चहा. गुंगी दिली असेल तर घरी न्यायला मोठं माणूस पाहिजे, रिक्षाने न्या, स्कूटरवर मागे बसवून नको, आणि २४ तास गाडी चालवणं, बँकेच्या किंवा रूमच्या कागदांवर सह्या काही नाही, कारण बोलतील अगदी शहाण्यासारखं आणि दुसऱ्या दिवशी आठवणार नाही. थुंकीत रक्ताची रेघ, त्या रात्री थोडा ताप, घसा खवखवणं हे चालतं. चमचा भरून रक्त, छातीत एकदम दुखणं, धाप वाढणं किंवा ताप दुसऱ्या दिवशीही राहणं, यातलं काही झालं तर फोनवर विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीला न्या. फुफ्फुसाच्या आतून तुकडा घेतला असेल तर घरी सोडायच्या आधी छातीचा एक्सरे काढला का तेवढं बघा, क्वचित फुफ्फुसाबाहेर हवा साठते.

पत्राच्या शेवटी पेनाने वेगळं लिहिलंय की आप्पा सकाळी तंबाखूची गोळी लावल्याशिवाय उठतच नाहीत, तपासणीच्या दिवशी ती चालेल का. नाही चालणार. चुना लावून नाही, नुसती नाही, दाताखाली ठेवून थुंकून टाकली तरी नाही. आधी चूळ भरून तोंड साफ, आणि पुडी त्या दिवशी सासूबाईंच्या पर्समध्ये, कारण आप्पांच्या खिशात राहिली तर ती कुठे जाणार ते तुम्हाला माहितीये.